लाज कोणाची, ओशाळणार कोण?

मराठीत रोज विचारला जाणारा आणि कधीच उत्तर न मिळणारा एक प्रश्न आहे : ‘लाज वाटत नाही का?’ रांगेत मध्येच घुसणाऱ्याला, उधारी बुडवणाऱ्याला, बापाला उलट बोलणाऱ्या लेकीला, समोरच्या बाकावरच्या मंत्र्याला, सगळ्यांना तो एकाच पट्टीत विचारला जातो. ‘हो, वाटते’ असे त्यावर कोणी म्हटल्याचे ऐकिवात नाही. म्हणणारा भेटलाच, तर पंचाईत विचारणाऱ्याची होईल, कारण त्याच्यापाशी पुढचे वाक्यच तयार नसते. समोरच्याच्या मनात काय चालले आहे, हे त्याला जाणून घ्यायचे नसते. चारचौघांत त्याला उघडे पाडायचे असते. ‘लाज’ हा शब्द आपण एका भावनेचे नाव म्हणून शिकतो खरे, पण वापरतो तो बहुतेक वेळा एखाद्या मालमत्तेचे नाव असल्यासारखा. ही मालमत्ता घराण्याच्या, जातीच्या, गावाच्या नावावर असते आणि राखण मात्र भलत्याकडे दिलेली असते. चोरी झाली की जाब राखणाऱ्याला विचारतात. शब्दाचा हा व्यवहार नीट पाहिला, की माणसाला सुधारण्यासाठी लाज काढण्याचा आपला आवडता उपाय इतक्यांदा का फसतो, तेही कळू लागते.

शब्दाचे कूळ सरळ आहे. संस्कृत ‘लज्जा’ प्राकृतातून मराठीत येताना जोडाक्षर सुटले आणि आधीचा स्वर लांबला, ‘अद्य’चे ‘अज्ज’ आणि त्याचे ‘आज’ झाले तसेच. (लग्नातल्या लाजाहोमातली ‘लाजा’ म्हणजे लाह्या. नवरीच्या लाजण्याशी तिचे नाते जोडण्याचा मोह अनेकांना होतो, पण ते नाते नाही.) फारसीतून ‘शरम’ आली, ‘अब्रू’ही आली. आब म्हणजे पाणी, रू म्हणजे चेहरा. कूळ सांगून शब्द कळतो असे मात्र नाही. तो कळतो त्याच्याबरोबर नांदणाऱ्या क्रियापदांवरून. लाज वाटते आणि येते, इथपर्यंत ती भावना आहे. पण ती जाते, राखली जाते, झाकली जाते, काढली जाते, गुंडाळून ठेवली जाते, खुंटीला टांगली जाते आणि काही नग तर ती कोळून पितात.

यावर कोणी म्हणेल, भाषा सगळ्याच भावनांना अशी वस्तूसारखी वागवते. राग येतो, राग जातो, भीती घालतात, भीती मोडतात. लाजेचेच काय एवढे? हा आक्षेप निम्मा खरा आहे. ‘मला लाज वाटते’ आणि ‘मला भीती वाटते’ या वाक्यांच्या घडणीत काही फरक नाही. फरक पुढे पडतो. राग गेला की माणूस सुटतो, भीती गेली की मोकळा होतो. लाज गेली की मात्र बुडतो. आणि राग किंवा भीती ज्याची त्याची असते. घराण्याचा राग अमुक सुनेने राखला असे कोणी म्हणत नाही, घराण्याची लाज मात्र तिनेच राखायची असते. भारताच्या सामन्यात शेवटच्या जोडीने पन्नास धावा केल्या की दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्र लिहिते, ‘तळाच्या फलंदाजांनी लाज राखली’. तिथे भावना कुणाचीच अभिप्रेत नसते. जी दुसऱ्याला राखता येते आणि दुसऱ्याकडून लुटली जाते, ती मनातली गोष्ट कशी असेल?

याच घरातले ‘लाजणे’ हे क्रियापद तर अगदी उलट्या स्वभावाचे आहे. ‘ती लाजली’ आणि ‘तिला लाज वाटली’ या दोन वाक्यांत एका विभक्तीचे अंतर दिसते, पण पहिल्यात कौतुक आहे आणि दुसऱ्यात कलंक. पंगतीत यजमान ‘लाजू नका, सावकाश होऊ द्या’ म्हणतो तेव्हा त्याला फक्त संकोच म्हणायचा असतो. सौम्य संकोचापासून कायमच्या बदनामीपर्यंतचा एवढा मोठा पल्ला एकाच धातूने सांभाळला आहे, आणि म्हणून मुलीला लहानपणी कौतुकाने शिकवलेले लाजणे मोठेपणी तिच्यावरच लाज म्हणून कधी उलटते, ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

मग आपल्या हातून चूक झाली आणि आतून काहीतरी खाली बसले, तर त्याला मराठी माणूस काय म्हणतो? तो म्हणतो, मी ओशाळलो, वरमलो, खजील झालो. मित्रावर उगाच संशय घेतला आणि हरवलेले पैसे आपल्याच खिशात सापडले, तर ‘मला लाज वाटली’ यापेक्षा ‘मी ओशाळलो’ हेच पटकन तोंडी येते. या क्रियापदांना दुसऱ्यावर लादता येत नाही. ‘जरा लाज बाळग’ असा हुकूम देता येतो, ‘ओशाळ!’ असा हुकूम कुणी दिलेला नाही. घराणे ओशाळत नाही, गाव वरमत नाही. ओशाळायला आपले कृत्य आपल्यालाच दिसावे लागते. शिवाय ‘ओशाळा’ या शब्दाला मिंधेपणाची, ऋणाची छटा आहे : समोरच्याचे आपण काही देणे लागतो, ही जाणीव. म्हणून ओशाळलेला माणूस बहुधा पुढे काहीतरी करतो. माफी मागतो, पैसे परत करतो, निदान त्या दिवशी चहाचे बिल तरी भरतो. लाज काढलेला माणूस तोंड चुकवतो, नाहीतर अंगावर येतो.

हा भेद मानसशास्त्रानेही वेगळ्या वाटेने गाठला आहे. हेलेन ब्लॉक लुइस यांनी 1971 साली मांडले की एका भावनेत ‘मी वाईट आहे’ असे वाटते आणि दुसरीत ‘मी वाईट वागलो’ असे. पुढे जून टँगनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासांत दिसले, की पहिल्या भावनेकडे कल असलेली माणसे लपण्याकडे, चिडण्याकडे आणि दुसऱ्याला दोष देण्याकडे झुकतात, तर दुसरीकडे कल असलेली भरपाईकडे. ते अभ्यास मुख्यतः अमेरिकेतले आहेत, तेव्हा ते जसेच्या तसे इकडे लावू नयेत हे मान्य. पण आपल्याकडे हे समजण्यासाठी प्रयोगशाळेची वाट पाहावी लागली नाही. ‘जनाची नाही, तर मनाची तरी’ ही म्हण लाजेचे दोन भाग करते आणि नावानिशी सांगते. फक्त तिचा क्रम बघण्यासारखा आहे. आधी जनाची, ती गेलीच असेल, तर मनाची ‘तरी’. मनाची लाज हा आपल्याकडे दुसरा पर्याय आहे.

जनाच्या लाजेची राखण कुणाकडे सोपवली गेली, हे एकोणिसाव्या शतकातल्या पुण्यात जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच दिसेल. विधवेचे वपन करून तिला अंधाऱ्या खोलीत बसवायचे, पुनर्विवाह नाकारायचा, आणि घरातल्याच कुणा पुरुषाकडून तिला दिवस गेले की घराण्याची लाज गेली म्हणून तिच्याकडे बोट दाखवायचे. मूल जन्मताच संपवणे, विहीर जवळ करणे किंवा घर सोडून तीर्थाच्या गावी बेवारस होणे, एवढ्याच वाटा तिच्यापुढे उरत. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी 1863 साली बालहत्या प्रतिबंधक गृह काढले ते याच वाटा बंद करण्यासाठी. त्या गृहाची रीत विचार करायला लावणारी आहे. इथे या, गुप्तपणे बाळंत व्हा, मूल बरोबर न्या किंवा इथेच ठेवा, असा तो निरोप होता. बाईला ‘तू लाजू नकोस’ असा उपदेश त्यात नव्हता. लाज लोकांच्या डोळ्यांत असते आणि ते डोळे आज बदलणार नाहीत, तेव्हा आधी बाई आणि मूल त्या डोळ्यांआड सुखरूप ठेवू, असा तो रोकडा हिशेब होता. पुढे अशाच एका ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत फुले दांपत्याने दत्तक घेतला. म्हणजे जे लाज म्हणून पुरले जायचे, ते मूल त्यांनी स्वतःच्या नावाने वाढवले.

1881 साली सुरतेकडच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला बालहत्येबद्दल शिक्षा झाली आणि मराठी पत्रांत स्त्रीजातीच्या बेशरमपणावर लेख झडले. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 1882 साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिली ती त्या संतापातून. त्यांचा युक्तिवाद लाज हवी की नको, असा नव्हताच. जे दुर्गुण तुम्ही बायकांना चिकटवता ते पुरुषांत नाहीत काय, मग हिशेब एकीकडूनच का, असे त्यांनी विचारले. भाषेच्या अंगाने पाहिले तर हा प्रश्न फार मर्मावर बसतो, कारण ‘तिची लाज लुटली’ या वाक्यात लुटणारा कर्ता आहे, पण नासलेली वस्तू तिची. चोरी त्याने केली आणि दिवाळे तिचे निघाले. ताराबाईंच्या कितीतरी आधी संत जनाबाईने एका अभंगात डोक्यावरचा पदर खांद्यावर येऊ देऊन तशीच बाजारात निघालेली स्वतःला रंगवले आहे. जगाने जे लाजेचे म्हणून ठरवले ते तिने आपणहून टाकून दिले, म्हणजे पुढे कुणाला लुटायला काही उरू नये. संतांनी टाकलेली ही लाज जनाची आहे, हे लक्षात घ्यायला हवे. गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी गुणांच्या यादीत जी ‘ह्री’, म्हणजे मनाची लाज, येते ती त्यांनी सोडलेली नाही.

कायद्यालाही हा गुंता चुकला नाही. भारतीय दंड संहितेच्या कलम 354 मध्ये, म्हणजे आजच्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 74 मध्ये, ज्याला मराठीत विनयभंग म्हणतात तो गुन्हा आहे. भंग झालेला विनय कुणाचा आणि तो कुणाला जाणवायला हवा? 1966 साली सर्वोच्च न्यायालयापुढे पंजाब राज्य विरुद्ध मेजर सिंग हा खटला आला तेव्हा हाच प्रश्न उभा राहिला, कारण अत्याचार झालेली बालिका साडेसात महिन्यांची होती. तिला लज्जेची जाणीव असणे शक्य नाही, म्हणून विनयभंग झाला नाही, असे उच्च न्यायालयाच्या बहुमताने ठरवले होते. सर्वोच्च न्यायालयात सरन्यायाधीश सरकार यांचे मतही आरोपीच्या बाजूने पडले. न्यायमूर्ती मुधोळकर आणि न्यायमूर्ती बचावत यांनी मात्र ते फिरवले : पीडितेला काय वाटले यावर गुन्हा अवलंबून नाही, आरोपीने काय केले आणि कोणत्या हेतूने केले ते पाहायचे. झोपलेल्या किंवा बेशुद्ध स्त्रीवर केलेले कृत्य, तिला जाणवले नाही म्हणून गुन्हा ठरत नाही काय? या निकालाचे मोल असे की त्याने निदान न्यायाच्या चौकटीत तरी बाईच्या लाजेची झडती थांबवली आणि नजर पुरुषाच्या हाताकडे वळवली. शब्द मात्र जुनाच राहिला. आजही पोलीस ठाण्यातल्या फिर्यादीत ‘मनास लज्जा उत्पन्न होईल असे वर्तन केले’ हे ठरीव वाक्य लिहिले जाते. ते वाचताना वाटते की लज्जा उत्पन्न व्हायला हवी होती त्याच्या मनात, आणि नोंद होते आहे तिच्या मनाची.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. लाज हा समाजाचा लगाम आहे, तो सैल सोडला तर कोण कुणाला आवरणार? पोलीस सगळीकडे पुरत नाहीत. शेजाऱ्याची नजर पुरते. लाजेकाजेस्तव का होईना, माणसे वर्गणी देतात, आईबापांना सांभाळतात, कचरा खिडकीतून टाकायचे टाळतात. हे नाकारण्यात अर्थ नाही. पण या लगामाची कसोटी महाराष्ट्राने स्वतःच घेऊन पाहिली आहे. हागणदारीमुक्तीच्या मोहिमांत ‘गुड मॉर्निंग पथक’ नावाची गोष्ट आली. पहाटे शिट्ट्या आणि बॅटऱ्या घेऊन ग्रामसेवक, शिक्षक, कधी पोलीस गावाबाहेरच्या रस्त्यावर उभे राहत. टमरेल घेऊन येणाऱ्याला गुलाबाचे फूल, कधी हार, कधी फोटो, टमरेल जप्त आणि वर दंड. हेतू चांगला होता. उघड्यावरच्या शौचाने पाणी दूषित होते आणि लहान मुले मरतात, हे खोटे नाही. पण त्या रस्त्यावर सापडे कोण? बाया तर लाजेपायीच आधीपासून उजाडायच्या आत जात होत्या, दिवसभर पोट आणि लघवी दाबून धरत होत्या, संध्याकाळी अंधार पडायची वाट पाहत होत्या. त्यांच्या अंगात लाज कमी होती म्हणून त्या उघड्यावर बसत नव्हत्या. घरात संडास नव्हता, त्यासाठी जागा नव्हती किंवा पाणी नव्हते. ज्यांच्याकडे लाज सर्वांत जास्त होती त्यांचीच ती काढली गेली. शासनाने स्वच्छ भारत अभियानात घरटी 12,000 रुपये दिले, त्याने भिंती उभ्या राहिल्या. फुलाने एक वीटही रचली नाही. संडास बांधून त्यात सरपण भरणारे आणि स्वतः शेताकडे जाणारे बहाद्दरही होते, त्यांच्यावर फुलाचा परिणाम झाला असेल, हे मान्य करायला हवे. ज्याच्या हाती बदलायचे साधन आहे त्यालाच लाज ढकलू शकते. ज्याच्या हाती नाही, त्याला ती फक्त चिरडते.

महाराष्ट्राच्या ग्रामस्वच्छता अभियानाला ज्यांचे नाव दिले त्या गाडगेबाबांची रीत आठवली की हा फरक आणखी उघडा होतो. बाबा गावात आले की आधी हातात खराटा घेत आणि गटारे, रस्ते झाडू लागत. बघे जमत. थोड्या वेळाने एकेक जण घरून झाडू घेऊन येई. त्या माणसांची लाज कुणी काढली नव्हती. ती ओशाळली होती. रात्री कीर्तनात बाबा फैलावर घेत, आणि ते काही गोड बोलत नसत. कुणी म्हणेल, मग तेही लाज काढणेच झाले. पण त्यांचे खडसावणे सबंध सभेला असे, एकट्यादुकट्याला पकडून नसे. ते प्रश्न विचारत आणि उत्तर लोकांकडूनच वदवून घेत. आणि दिवसभर त्या गावाची घाण स्वतःच्या हाताने काढल्यावर ते बोलत. एवढी किंमत मोजून खडसावणारे पथक पुढे काही निघाले नाही.

जनाची लाज विकायला निघाली की ती कुठवर जाते, हे कर्ज वसुलीत दिसते. दारात धरणे धरून बसायची रीत आपल्याकडे जुनी. चार घरांना दिसेल असे बसले की देणेकरी घायकुतीला येई. मोबाइलवरच्या झटपट कर्जाच्या अ‍ॅपनी तेच धरणे खिशात आणून बसवले. कर्ज देतानाच फोनमधली नावे आणि छायाचित्रे उचलायची, आणि हप्ता चुकला की बहिणीला, साहेबाला, जुन्या वर्गमित्राला बदनामीचे निरोप, कधी विकृत केलेली छायाचित्रे. काही हजारांच्या देण्यापायी माणसांनी जीव दिले. रिझर्व्ह बँकेने 2022 साली नियम करून फोनमधल्या संपर्क यादीला हात लावायला मनाई केली ती यामुळेच. त्याच देशात शेकडो कोटी बुडवणारा परदेशात खुशाल राहतो, त्याला कसलीच धास्ती नसते. तो जन्मतः निर्लज्ज असतो असे नाही. ज्या चार डोळ्यांना मिंधे राहून जगावे लागते, ते डोळे त्याच्या आयुष्यात उरलेले नसतात, इतकेच.

म्हणूनच सत्ताधाऱ्यांना ‘थोडी जरी लाज असेल तर राजीनामा द्या’ असे सांगणे हा सर्वांत निरुपयोगी मजकूर आहे. 1956 साली अरियलूरच्या रेल्वे अपघातानंतर लालबहादूर शास्त्रींनी मंत्रिपद सोडले, ते कुणी लाज काढली म्हणून नव्हे. त्याआधी महबूबनगरच्या अपघातानंतरही त्यांनी राजीनामा देऊ केला होता आणि तो स्वीकारला गेला नव्हता. त्या कृतीला आपण ‘नैतिक जबाबदारी’ असा भारदस्त शब्द शोधला. जबाबदारी म्हणजे जाब देण्याची बांधिलकी, आणि जाब मागायचा तर प्रश्न नेमका लागतो : पूल कोणत्या तारखेला तपासला, अहवाल कुणी दाबून ठेवला, भरपाई किती आणि कधी. अशा प्रश्नाला हो किंवा नाही तरी म्हणावे लागते, कागद तरी काढावा लागतो. ‘लाज वाटत नाही का’ या प्रश्नाला नुसते हसून पुढे जाता येते, आणि सभागृहाच्या कामकाजातून तो शब्द काढून टाकायची सोय तर आहेच.